अडचणीच्या दिवसांत ख्रिस्ती श्रद्धा आणि मनाची शांती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या मराठी मंडळ्यांतून (प्रॉटेस्टंट चर्चच्या समुदायांतून), कॅथलिक पॅरिशमधून (एकेका भागातल्या चर्चमधून) आणि ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांकडूनही जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिवावर बेतण्याइतकी अडचण असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून थेट प्रश्न ९ किंवा १० वाचा.

१. नोकरी गेली आहे, घरात आजारपण आहे. अशात "प्रभू शांती देईल" म्हणतात, ती नेमकी कसली शांती?

"मी आपली शांती तुम्हांला देतो" हे येशूचे शब्द बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकाच्या) १४व्या अध्यायात आहेत. ज्या रात्री त्याला अटक झाली, त्याच रात्रीच्या जेवणाच्या वेळी तो हे बोलला. त्याच बोलण्यात पुढे तो सांगतो, "जगात तुम्हांला क्लेश होतील, तरी धीर धरा" (योहान १६:३३). प्रेषित पौलाने "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" असं लिहिलं ते बेड्यांत असताना. म्हणजे ही शांती संकट टळल्यानंतरची नाही, ती संकटात असतानाची आहे.

तिचा अर्थ भीती वाटत नाही किंवा रडू येत नाही, असाही नाही. त्या जेवणानंतर काही वेळातच गेथशेमाने बागेत येशू स्वतः व्याकूळ झाला आणि "हा प्याला माझ्यावरून टळून जावो" अशी विनवणी त्याने केली. देव आपल्या सोबत आहे या भरवशाने मन पुढचं एक काम हाती घेण्याइतपत सावरतं, एवढंच सुरुवातीला अपेक्षित धरावं. झोप लागली नाही किंवा हात थरथरले म्हणून आपली श्रद्धा खोटी ठरत नाही.

२. बायबल कधी नीट वाचलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

उत्पत्तीच्या पहिल्या पानापासून नको. दुःखात असलेला माणूस लेवीय पुस्तकापर्यंत पोहोचता पोहोचता वाचन सोडून देतो. आधी स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलं प्रार्थनागीतांचं पुस्तक, घ्या आणि १३, २३, ४२, ४६, १२१, १३० ही सहा स्तोत्रं दिवसाला एक अशी वाचा. रविवारी मंडळीत किंवा मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) जे वाचन होईल, तेवढं पुरे. मग मार्कचं शुभवर्तमान घ्या. ते चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, १६ अध्यायांचं आहे. रोज एक अध्याय, मोठ्याने वाचलात तरी दहा मिनिटांच्या आसपास होतो.

कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. पण स्तोत्रं दोन्हींत १५० आणि नवा करार तोच, त्यामुळे घरात जी प्रत असेल ती चालेल. एक मात्र टाळा: डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन म्हणजे देवाचा निरोप मानायचं. घाबरलेल्या मनाला अशा वेळी नेमकं शापाचं किंवा न्यायाचं वचन सापडतं आणि भीती वाढते.

३. प्रार्थनेला बसलं की ईएमआय, रिपोर्ट, भांडणं हेच डोक्यात येतं. मन लागत नाही. काय करू?

जे डोक्यात येतं, तेच देवापुढे ठेवा. ते बाजूला सारून "खरी" प्रार्थना करायचा प्रयत्न केला तर थकवाच येतो. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. ही गाऱ्हाणी मंदिरात, सगळ्यांसमोर म्हटली जात. त्यांचा साचा आपल्याला तसाच वापरता येतो. १३वं स्तोत्र त्याचा सर्वांत आटोपशीर नमुना. त्यात जेमतेम सहा वचनं आहेत. पहिल्या दोनांत देवाला हाक आणि तक्रार, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा.

कागद आणि पेन घ्या. मोबाइलवर लिहायला बसलात तर नोटिफिकेशन मध्ये येणारच. पंधरा मिनिटं पुरतात.

आधी हाक: "प्रभू, मी तुझ्याशी बोलतेय." एवढं एक वाक्य. मग तक्रार, आणि इथे हात आखडता घेऊ नका. "परिस्थिती बिकट आहे" हे फार मोघम झालं. "पाच तारखेला हप्ता आहे, खात्यात निम्मेच पैसे आहेत आणि भावाकडे मागायची लाज वाटते" असं लिहा. लाज, राग, हेवा, जे असेल ते नाव घेऊन. मग मागणी. तिचे दोन भाग करा: जे माझ्या हातात नाही ते देवाकडे, आणि जे आहे त्यातलं उद्याचं एक काम. हप्ता चुकण्याच्या आधी बँकेत जाऊन मुदत वाढवण्याबद्दल विचारणं, हे असं काम आहे. हप्ता चुकल्यावर गेलात तर दंड लागलेला असतो आणि बोलणंही अवघड होतं. शेवटी भरवशाचं एक वाक्य. आज स्वतःचं सुचत नसेल तर स्तोत्रातलं उतरवून काढा, ते उसनं चालतं.

हे बिघडतं ते बहुतेक वेळा दोन ठिकाणी. काही जण तक्रार गिळून थेट "प्रभू, तुझे आभार" वर उडी मारतात आणि मग तेच दुखणं रात्री दोन वाजता छातीवर येऊन बसतं. काही जण तक्रारीतच थांबतात, मागणीपर्यंत येत नाहीत. त्यांनी घड्याळ लावून सात-आठ मिनिटांनी पुढे सरकावं. अंथरुणात पडून हे करू नका, झोप उडते. संध्याकाळचा चहा झाल्यावर किंवा जेवणाआधी बसणं बरं.

४. मला देवावर राग येतो. त्याच्याशी असं बोलणं पाप नाही का?

नाही. बायबलमधल्या ईयोबावर संकटांमागून संकटं आली, तेव्हा त्याने देवाला कोर्टात खेचल्यासारखे प्रश्न विचारले. त्याचे मित्र मात्र देवाची बाजू घेत गोड गोड बोलत राहिले. शेवटी देव त्या मित्रांना सुनावतो की ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत (ईयोब ४२:७). ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. त्याच्या शेवटी भरवशाची ओळही नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. वधस्तंभावर येशूने "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असा टाहो फोडला, तो २२व्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीचा आहे.

राग देवाला सांगणं आणि रागापायी देवाकडे पाठ फिरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भांडत असलात तरी तोंड त्याच्याकडे आहे, तोवर प्रार्थना चालूच आहे.

५. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जण राहतो. प्रार्थनेला एकांत कुठून आणू?

"आपल्या खोलीत जा आणि दार लाव" (मत्तय ६:६) हे वाचून पुष्कळ जणांना उगाच अपराधी वाटतं. तिथला रोख लोकांना दाखवण्यासाठी केलेल्या प्रार्थनेवर आहे. येशू स्वतः पहाटे उठून एकांत ठिकाणी जायचा आणि मुंबईत तशी ठिकाणं आहेत. अनेक कॅथलिक चर्चमध्ये कामावर जाण्याआधी गाठता येईल अशी सकाळची मिस्सा असते आणि दिवसा आत शांत बसता येतं. आपल्या भागातल्या चर्चची वेळ फाटकावरच्या फलकावर पाहून ठेवा. प्रॉटेस्टंट चर्च आठवड्याच्या मधल्या दिवशी बंद असलं तरी पाळकांना किंवा सेक्रेटरींना फोन केला तर अर्धा तास उघडून देतात.

लोकलमध्येही होतं. पाच दशकांच्या (दहा-दहा मण्यांच्या पाच भागांच्या) जपमाळेला साधारण वीस मिनिटं लागतात, म्हणजे दादर ते अंधेरी स्लो गाडीत ती आरामात पूर्ण होते. गर्दीत माळ काढता येत नसेल तर दहा बोटांवर मोजा. जपमाळेची सवय नसलेल्यांनी २३व्या स्तोत्राची पहिली ओळ घ्यावी: श्वास घेताना "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", सोडताना "मला काही उणे पडणार नाही". पाच मिनिटांत छातीतली धडधड कमी झालेली जाणवते. दारात उभे असाल तर डोळे उघडे ठेवा, प्रार्थनेला डोळे मिटावेच लागतात असं नाही.

६. हे संकट माझ्या पापाची शिक्षा आहे का? कोणी करणी केली असेल का?

शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हांला वाटतं का, असं विचारून येशूनेच उत्तर दिलं: नाही (लूक १३:४). जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? तिथेही उत्तर तेच, दोघांचंही नाही (योहान ९:३). कॅन्सर, दरड, कंपनीतली कपात यांचा हिशेब पापाशी जोडू नका.

अपवाद एवढाच की काही त्रास आपल्याच वागण्यातून येतो. दारू, सट्टा, खोटं बोलून घेतलेलं कर्ज. त्यालाही शिक्षा म्हणायची गरज नाही, तो परिणाम आहे. त्यासाठी पश्चात्ताप, म्हणजे देवाजवळ कबुली, ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई आणि व्यसनासाठी उपचार, हे तिन्ही लागतं. करणीच्या भीतीने कुणाला पैसे देऊन उतारा करून घेऊ नका. ज्याला ख्रिस्ताचा आधार आहे त्याने त्या भीतीला घरात जागा द्यायचं कारण नाही.

७. शेजारच्या घरी मृत्यू झालाय. जाऊन काय बोलू?

"देवाची इच्छा", "जे होतं ते चांगल्यासाठी" ही वाक्यं घरी ठेवून जा. रोमकरांस ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात) हे पौलाने विश्वासणाऱ्यांना धीर द्यायला लिहिलेलं वचन आहे, तिरडीजवळ फेकायला नाही. ईयोबाच्या मित्रांनी जे एक काम बरोबर केलं ते असं: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. बोलायला लागल्यावर बिघडलं. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला, आणि काही क्षणांत आपण त्याला उठवणार हे माहीत असूनही रडला.

बोलायचंच असेल तर "मला फार वाईट वाटतंय" आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन एखादी आठवण. बाकी मदत हाताने करा. डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला घेणं, पाळकांना किंवा पॅरिश ऑफिसला कळवणं, कब्रस्तानात जागेचं विचारणं, बाहेरगावच्या नातेवाइकांना फोन करणं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. घरच्यांना त्याचं भान नसतं, तेव्हा पालिकेच्या वॉर्ड ऑफिसची फेरी आपण मारावी. पहिल्या तीन दिवसांत डबे भरपूर येतात, दहाव्या दिवसानंतर कोणी येत नाही. म्हणून तुमचा डबा तेव्हा न्या. महिन्याची मिस्सा किंवा स्मरणाची प्रार्थना आणि २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस या तारखा लिहून ठेवा. त्या दिवशी आलेला फोन घरचे विसरत नाहीत.

८. डिप्रेशनसाठी गोळ्या चालू आहेत. प्रार्थनासभेत एकाने सांगितलं, "विश्वास असेल तर गोळ्या सोड." सोडू का?

सोडू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. याकोबाच्या पत्रात मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, औषध सोडावं असं कुठेही नाही.

नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, अस्वस्थपणा, डोक्यात झटके आल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात आणि आजार उलटू शकतो. बंद करायच्याच असतील तर डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतात. एलीया संदेष्टा "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं (१ राजे १९). शरीराची काळजी घेणं हाही देवाच्याच कामाचा भाग आहे.

९. जगण्यात अर्थ वाटत नाही, मरणाचे विचार येतात. कुणाशी बोलू?

आत्ता, लगेच, एका माणसाला सांगा आणि एकटे राहू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ लावा किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. गोळ्या, फिनेल, दोरी असं जे मनात येतं ते घरातल्या कुणाच्या तरी ताब्यात द्या. ही लाट ओसरते, ती ओसरेपर्यंत अंतर राखणं हे पहिलं काम. असे विचार येणं म्हणजे देवाला नाकारणं नव्हे, एलीयालाही ते आले होते. पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं.

ज्यांच्या घरी हे घडून गेलं आहे ते विचारतात, चर्चच्या विधीने दफन होईल का? होतं. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या नियमसंहितेत अंत्यविधी नाकारण्याच्या यादीत आत्महत्या केलेल्यांचा उल्लेख नाही. तीव्र मानसिक त्रासात माणसाची जबाबदारी कमी होते आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये, असंच चर्चचं शिक्षण आहे. कोणी आडकाठी केलीच, तर धर्मप्रांताच्या (बिशपांच्या) कार्यालयापर्यंत जा.

१०. नवरा मारतो. "क्षमा कर, क्रूस उचल" असं सांगतात. क्षमा म्हणजे परत जायचं का?

नाही. क्षमा म्हणजे सूड देवावर सोडणं. पुन्हा एकत्र राहण्यासाठी समोरच्याने बदलणं लागतं, आणि बदल वागण्यातून, दीर्घ काळ दिसावा लागतो. "सत्तर वेळा सात" क्षमा करायला सांगण्याच्या काही ओळी आधी, त्याच अध्यायात येशूने अपराध्याला त्याचा अपराध दाखवायला, साक्षीदार न्यायला आणि मंडळीपुढे मांडायला सांगितलं आहे (मत्तय १८:१५-१७). क्रूस स्वेच्छेने उचलायचा असतो. दुसऱ्याने लादलेला मार म्हणजे क्रूस नव्हे.

जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा कॅथलिक कायद्यातही आहे. देशाच्या २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले, औषधं आणि थोडी रोकड एका पिशवीत भरून विश्वासू शेजारणीकडे ठेवा. दवाखान्यात गेलात तर जखम कशी झाली ते खरं सांगून नोंद करून घ्या.

११. माउंट मेरीला मेणाचं घर वाहिलं, माहीमला नऊ बुधवार केले. तरी काम झालं नाही. काही चुकलं का?

नाही. वांद्र्याच्या डोंगरावर मेणाचे हात, पाय, घरं वाहणं किंवा माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारची नोव्हेना (नऊ बुधवारांची प्रार्थना) करणं (ती तिथे १९४८ पासून चालू आहे) ही प्रार्थना आहे, सौदा नाही. एखादा बुधवार चुकला म्हणून नोव्हेना "मोडत" नाही. दहा रुपयांची मेणबत्ती आणि मोठी मेणबत्ती यांत देव फरक करत नाही. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ही रीत नाही, आणि तुमचं मन तिथे रमत नसेल तर ती पाळायलाच हवी असंही नाही. काम झालं नाही याचा राग असेल तर प्रश्न ४.

१२. मी ख्रिस्ती नाही. चर्चमध्ये जाऊन बसलं तर चालेल का? धर्म बदलायला सांगतील का?

बसा. माहीमच्या बुधवारी आणि माउंट मेरीच्या सप्टेंबरच्या जत्रेत सर्व धर्मांची माणसं येतात. मागच्या बाकावर बसा, लोक उभे राहतात तेव्हा उभे राहा, गुडघे टेकायची सक्ती नाही. प्रभुभोजन किंवा कम्युनियन (पवित्र भाकर घेण्याचा विधी) मात्र बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं. त्या वेळी जागेवरच थांबा. स्तोत्रं वाचायला आणि प्रार्थना सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

संकटात असताना घाईने बाप्तिस्म्याचा निर्णय घेऊ नका, आणि कोणी घाई करत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांची तयारीच अनेक महिने चालते. शांती हवी म्हणून आलात, तर आधी तीच घ्या.

१३. युद्ध, पूर, महागाई. "शेवटचा काळ आला" असे मेसेज येतात. खरं आहे का?

तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही, हे येशूचंच वाक्य आहे (मत्तय २४:३६). तारीख सांगणारा मेसेज पुढे पाठवू नका. बातम्या दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी पाहा, झोपण्याआधीच्या तासात नको.

१४. प्रार्थनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अडचण टाकावी का?

नाव, आजार, रक्कम, भांडणाचा तपशील न देता टाका: "एका कुटुंबासाठी प्रार्थना करा, बुधवारी ऑपरेशन आहे." दुसऱ्याची अडचण त्याला विचारल्याशिवाय टाकायची नाही. प्रार्थनेच्या नावाखाली चाळभर बातमी पसरते आणि त्या माणसाचं मंडळीत येणं बंद होतं. ग्रुपवर किंवा सभेत "इतके पेरा, दहापट मिळेल" म्हणून पैसे मागितले गेले तर देऊ नका. कर्ज काढून दिलेलं दान देवाला नको आहे.

१५. वर्ष झालं प्रार्थना करतोय. काहीच जाणवत नाही.

मदर तेरेसा यांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यांत अनेक वर्षांच्या आतल्या अंधाराबद्दल त्यांनी लिहिलेलं आहे आणि त्या काळात त्यांचं काम चालूच होतं. न जाणवणं म्हणजे देव नसणं नव्हे.

प्रार्थना लांबवू नका, उलट लहान करा. एक स्तोत्र, एक "आमच्या बापा", रविवारी न चुकता मंडळीत. स्वतःचे शब्द संपले असतील तर इतरांच्या आवाजात आवाज मिसळा, 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली गीतं त्यासाठीच आहेत. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी उपयोगी पडा: आजाऱ्याला दवाखान्यात नेणं, मुलांचा अभ्यास घेणं. भूक, झोप, कामातली गोडी हेही सोबत गेलं असेल आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस झाले असतील, तर तो आजार असू शकतो. प्रश्न ८ पाहा आणि डॉक्टरांना भेटा.

१६. फादरांना किंवा पाळकसाहेबांना भेटायचं आहे. काय सांगू, आणि ते गुप्त राहील का?

रविवारच्या उपासनेनंतर दारात गाठू नका, त्या गर्दीत दोन मिनिटंही मिळत नाहीत. पॅरिश ऑफिसला किंवा पाळकांना फोन करून "अर्धा तास हवा आहे, खासगी बोलायचं आहे" एवढं सांगा. कारण फोनवर सांगायची गरज नाही. जाताना कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: काय घडलं, कधीपासून, आणि तुम्हांला त्यांच्याकडून काय हवंय (प्रार्थना, सल्ला, कुणाशी तरी ओळख, की नुसतं ऐकणं). स्त्रियांनी हवं तर सोबत कुणाला न्यावं किंवा दार उघडं ठेवायला सांगावं, त्यात गैर काही नाही.

कॅथलिक पापनिवेदनात (कन्फेशनमध्ये) सांगितलेलं फादर कोणत्याही परिस्थितीत उघड करू शकत नाहीत. साध्या बोलण्याला तेवढं कडक बंधन नसतं, म्हणून सुरुवातीलाच विचारा: "हे तुमच्यापाशीच राहील ना?" लहान मुलाच्या किंवा कुणाच्याही जिवाला धोका असेल, तर ते इतरांना कळवावं लागेल हेही समजून घ्या. ज्यांच्याशी पटत नाही त्यांच्याशीच बोललं पाहिजे असं नाही. शेजारच्या पॅरिशमधले फादर, दुसऱ्या मंडळीचे पाळक, एखाद्या अनुभवी सिस्टर किंवा पाळकबाई चालतात. अर्ध्या तासात सगळं सांगून होत नाही, तेव्हा उठण्याआधी पुढच्या भेटीची तारीख ठरवून घ्या.